सातव्या नंबरच्या मुलीची आई

टेबलामागच्या बाईंनी सुचेताच्या कार्डिगनवर स्टिकर चिकटवला, सुटू नये म्हणून त्यावरून अंगठा फिरवला आणि 'वेलकम' म्हणत मागच्या माणसाकडे बघितलं. सुचेतानं मान खाली घालून तो उलटा वाचला. 'गेस्ट'. काळ्या अक्षरांत. तिच्या पुढच्या उंच बाईच्या छातीवर हिरव्या अक्षरांत 'मामका' होतं, तिच्याही पुढच्या बाईच्या छातीवर तेच. मामका म्हणजे आई; स्लोव्हाक खेड्यांत मुली आईला लाडानं हाक मारतात ती. हिरव्या स्टिकरांचा गठ्ठा टेबलावर होताच, बाईंच्या हातापासून वीतभर अंतरावर. एक वाक्य पुरलं असतं. मी सात नंबरच्या मुलीची आई आहे, एवढंच. पण सुचेतानं आधी तनूकडे पाहिलं. तनूनं स्टिकर वाचला होता. वाचून तिनं खिशातून फोन काढला, उगाच एकदा स्क्रीन उघडून बंद केला आणि म्हणाली, "आई, बॅक रूममध्ये जायचंय आपल्याला. चल ना." धक्का बसला तो इथे. टेबलामागच्या बाईंनी काही ठरवलं नव्हतं, त्यांच्यासमोर यादी होती. यादी कुणीतरी केली होती आणि तनूला ती माहीत होती.

सुचेता तिच्या मागोमाग निघाली. हॉलमध्ये कोबीच्या सूपचा आणि खसखशीच्या रोल्सचा वास भरून राहिला होता, बाहेरून ट्राम गेली की खिडक्यांच्या काचा किंचित थरथरत. बावीस वर्षं ती कार्डिफच्या हॉस्पिटलात रक्ताच्या लॅबमध्ये काम करत होती. तिथे पहिला नियम लेबलाचा. नळीवरचं नाव आणि फॉर्मवरचं नाव जुळलं नाही तर नमुना टाकून द्यायचा. आतलं रक्त कितीही खरं असो, पेशंट कितीही ओळखीचा असो, टाकायचा. नव्या मुलांना ती स्वतः हे शिकवायची, अगदी कडक आवाजात. लेबल म्हणजे माणूस, असं म्हणायची. आता छातीवरच्या कागदाचा चिकट कोपरा कार्डिगनच्या लोकरीत अडकत होता आणि तिला वाटत होतं, इतकी वर्षं आपण काय शिकवत होतो? किती नळ्या फेकल्या?

तनू बावीस वर्षांची होती. कार्डिफमध्ये जन्मली, तिथेच शिकली, आता मँचेस्टरला एका फर्ममध्ये डेटाचं काम करत होती. तिला जन्म देणारी झुझाना स्लोव्हाकियातल्या डोंगरातल्या एका गावातून मुलं सांभाळायला म्हणून या देशात आली, मग नर्सिंग शिकली, ऑपरेशन थिएटरमध्ये अतुलला भेटली. अतुल भूल देणारा डॉक्टर. तनू चार वर्षांची असताना झुझाना एका सकाळी बाथरूममध्ये कोसळली आणि मेंदूतल्या रक्तस्रावानं तीन दिवसांत गेली. दोन वर्षांनी अतुलनं सुचेताशी लग्न केलं. सुचेता मूळची मिरजेची. तेव्हा पस्तिशीची, स्वतःच्या नोकरीवर एकटी राहणारी, लग्नाचा विषय मागे टाकलेली. आणि आज इथे, दक्षिण मँचेस्टरमधल्या एका चर्चच्या हॉलमध्ये, चेक आणि स्लोव्हाक वंशाच्या तरुण मुलींची हेरिटेज पेजंट होती, आपला वारसा मिरवण्याची स्पर्धा. नऊ मुली. प्रत्येकीनं आपल्या गावचा पोशाख घालायचा, दोन मिनिटं आपल्या वारशावर बोलायचं, आणि मधल्या भागात प्रत्येकीच्या आईनं स्टेजवर येऊन मुलीच्या कमरेला भरतकामाचा एप्रन बांधायचा. अतुल आला नव्हता. त्याची ऑन-कॉल ड्यूटी होती, असं तो म्हणाला. झुझानाचा पोशाख बॅगेत भरताना तो किचनमध्ये आला, बॅगेकडे बघून परत गेला, आणि वरून बराच वेळ नळाचं पाणी वाहताना ऐकू येत राहिलं.

मागच्या खोलीत पानी लुडमिला भेटल्या. पानी म्हणजे बाई. तनूच्या लहानपणी या शब्दावरून सुचेता आणि ती खूप हसायच्या, पानी नको, चहा दे, असं. आता या खरोखरच्या पानी लुडमिला साठीच्या, आखूड पांढऱ्या केसांच्या होत्या. हा सगळा कार्यक्रम त्या एकहाती उभा करत. त्यांनी सुचेताचे दोन्ही हात हातात घेतले. "तुम्ही तनूला घेऊन आलात, किती बरं केलंत," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "तिनं सांगितलं ना तुम्हाला? एप्रन मी बांधणार आहे. तिची आई नाही, बिचारी. मी माझ्याच मुलीसारखा बांधीन."

"मी बांधते तो," सुचेता म्हणाली. "घरी मीच बांधते."

"हो, हो, प्रॅक्टिससाठी." पानी लुडमिलांनी आवाज खाली आणला. त्यांच्या चेहऱ्यावर दुष्टपणा नव्हता. असता तर सोपं झालं असतं. "हे बघा, मी स्पष्ट बोलते. आमचा कार्यक्रम इंटरनेटवर दिसतो. तिकडचे म्हातारेकोतारे बघतात. मागच्या वर्षी एका मुलीबद्दल फार वाईट लिहिलं लोकांनी, ही आपली नव्हेच म्हणून. ती मुलगी रडली. तनू इतकी छान बोलते, तिला संधी आहे. लोकांना प्रश्न पडायला नकोत, एवढंच. तिच्यासाठीच म्हणतेय."

तिच्यासाठी. सुचेतानं तनूकडे पाहिलं. तनू आरशासमोर कानातलं घालत होती आणि तिच्या मानेवरचे बारीक केस ताठ उभे राहिले होते. लहानपणी ताप चढायच्या आधी तिची मान अशी दिसायची. "आई, इट्स टू मिनिट्स," आरशातूनच ती म्हणाली. "प्लीज, त्याचं मोठं नको करूस. तू समोर बस, आणि व्हिडिओ घे. मला तो व्हिडिओ पाहिजे."

सुचेता बरं म्हणाली. ती नेहमीच बरं म्हणत आली होती. परवा फोनवर तनू म्हणाली, आई, साडी नको ना नेसूस, तेव्हाही. म्हणून आज निळी पँट आणि करडं कार्डिगन, गळ्यात दोरीला वाचायचा चष्मा. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये रांगेत उभी राहणारी कुठलीही बाई. आपण दिसू नये याची एवढी तयारी करून आलो, आणि तरीही आपण जास्तच दिसतोय, असं तिला वाटलं.

ती एका प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून पोशाखाची बॅग उघडायला लागली. क्रोय म्हणतात या पोशाखाला. पांढरा फुगीर बाह्यांचा ब्लाउज, काळी बंडी, आणि चुण्यांचा घेरदार लाल झगा, ज्याच्या चुण्या नखाएवढ्या बारीक. प्रत्येक धुण्यानंतर त्या मोडतात आणि पुन्हा एकेक हातानं घालाव्या लागतात. कापड ओलं असताना खळ लावायची, चुण्या बोटांनी गोळा करायच्या, सुतळीनं आवळून बांधायच्या आणि तीन दिवस वाळू द्यायच्या. हे तिला झुझानाच्या आईनं शिकवलं होतं. बाबकानं, म्हणजे तनूच्या आजीनं. तनू नऊ वर्षांची असताना सुचेता तिला घेऊन त्या गावी गेली. अतुलला रजा मिळाली नाही, म्हणजे त्यानं मागितली नाही. पहिले दोन दिवस बाबका तिच्याशी बोलली नाही. ताट वाढायची आणि पाठ फिरवायची. सुचेताला त्याचा राग आला नाही. मेलेल्या मुलीच्या जागी आलेली बाई आपल्या दारात उभी, तिला काय म्हणावं? तिसऱ्या दिवशी म्हातारीनं ओला झगा तिच्या मांडीवर टाकला, समोर स्टूल घेऊन बसली आणि बोटांनी दाखवायला लागली. सुचेतानं चौथी चुणी घातली तेव्हा बाबकानं तिच्या हातावर चापट मारली, उलगडून पुन्हा घालायला लावली. ती चापट आठवली की अजूनही बरं वाटायचं. पाहुण्याला कोण चापट मारतं?

आणि भाषा? भाषेचं काय? तनू सहा वर्षांची होती, सुचेता त्या घरात येऊन महिना झाला असेल. आंघोळीच्या टबमध्ये बसून तनू प्लास्टिकची बदकं मोजत होती. येदेन, द्वा, त्रि, आणि मग ती थांबली. चारला काय म्हणतात ते तिला आठवेना. तिनं सुचेताकडे बघितलं, जणू तो शब्द हिनंच कुठेतरी ठेवला असणार. सुचेताला तेव्हा घाम फुटला होता. मेलेल्या बाईची भाषा त्या साबणाच्या पाण्यातून एकेक शब्दानं वाहून चालली होती आणि घरात ती अडवणारं कुणी नव्हतं. अतुल त्या भाषेतला एक शब्द ऐकला तरी खोलीतून उठून जायचा. मग सुचेतानं ब्रिस्टलला शनिवारची स्लोव्हाक शाळा शोधून काढली. दर दुसऱ्या शनिवारी खाडीवरच्या पुलावरून पलीकडे, पावसात, बर्फात, तनूच्या रडण्यात. सात वर्षं. मागच्या बाकावर ती स्वतःही बसायची, कारण दोन तास गाडीत बसून काय करायचं. आणि तिच्याही वहीत विभक्तीचे तक्ते जमा होत गेले. सात विभक्त्या, बायकी-पुरुषी-नपुंसक. मराठीची सवय असलेल्या माणसाला त्यात काही भय नव्हतं. घरी ती तनूशी मराठीच बोलायची. ती हट्टानं तिनं वेगळी ठेवली होती. दोन भाषांत दोन आया, मुलीला गोंधळ नको.

मागच्या आठवड्यात तनूनं भाषणाचा कागद तपासायला पाठवला होता. 'माझ्या आईनं जाताना मला एक भाषा दिली,' अशी त्याची सुरुवात होती. सुचेतानं किचनच्या टेबलावर तो कागद समोर ठेवून दोन ठिकाणी विभक्ती सुधारली, एका ठिकाणी स्वल्पविराम काढला आणि परत पाठवून दिला. जाताना दिली. जाताना तिला शुद्धसुद्धा नव्हती, तनू. हे तिनं लिहिलं नाही. असं मनात येणंही पाप वाटलं. झुझानाचा तिला कधी मत्सर वाटला नव्हता, खरंच नव्हता. फोटोतल्या त्या हसऱ्या, रुंद कपाळाच्या मुलीशी ती मनातल्या मनात पुष्कळ बोलायची, आजारपणात तर फारच. बघ गं, आज हिला परत ताप आहे, असं. मग हे आता छातीत काय गरम झालंय? कुणाविरुद्ध?

"पोट आत घे," ती म्हणाली. तनू दोन्ही हात वर करून उभी होती आणि सुचेता झग्याच्या नाड्या आवळत होती. इतर मुलींच्या आया आजूबाजूला तेच करत होत्या, चेकमध्ये, स्लोव्हाकमध्ये, यॉर्कशरच्या इंग्रजीत. एकीच्या तोंडात टाचण्या होत्या. "तनू, नावं कुणी दिली यादीत?"

"कसली?"

"आया कोण, पाहुणे कोण."

तनूचे हात थोडे खाली आले. "फॉर्ममध्ये होतं मदर्स नेम. मी मामकाचा नाव लिहिलं. एकच बॉक्स होता, आई."

"एकच होता?"

"हो, एकच." मग, "मी काय लिहायला पाहिजे होतं? तूच सांग."

सुचेतानं नाडीला आणखी एक वेढा दिला. एक चौकट. शाळेच्या प्रत्येक फॉर्मवर, दाताच्या डॉक्टरकडे, पासपोर्टच्या अर्जावर ती अशा चौकटींपुढे पेन घेऊन थांबली होती आणि प्रत्येक वेळी झुझानाचं नाव नीट, सगळ्या खुणांसकट लिहिलं होतं. तिनंच. कुणी तिला सांगितलं नव्हतं. तोच धडा मुलीनं गिरवला, मग आता तक्रार कशाची? पण तक्रार होती. ती नाड्यांच्या गाठीत उतरत होती, बोटं पांढरी पडत होती, आणि तनू "आई, टाइट," म्हणाली तरी तिनं सैल केली नाही. शेवटी बंडीचे हूक लावून ती मागे सरली आणि स्वतःच्या छातीवरचा स्टिकर काढून तिनं त्याची गोळी केली. हिरवा मागायला ती गेली नाही. कुणाकडे काय मागायचं?

कार्यक्रम दोन वाजता सुरू झाला. सुचेता तिसऱ्या रांगेत बसली, फोन मांडीवर. पहिली मुलगी, दुसरी, तिसरी. प्रत्येक वेळी अकॉर्डियन वाजायचा, निवेदक गावाचं नाव सांगायचा, आई डावीकडच्या तीन पायऱ्या चढून वर जायची, एप्रन बांधायची, मुलीचा मुका घ्यायची, टाळ्या पडायच्या. चौथ्या मुलीच्या आईला गाठ काही केल्या बसेना. लोक कौतुकानं हसले. सुचेता बघत होती. हे सगळं खरं होतं, सुंदर होतं, आणि यातल्या एकाही बाईला आपण या पायऱ्या का चढतोय असं कुणी विचारणार नव्हतं. पायऱ्यांशी पानी लुडमिला हातात घडी केलेला एप्रन घेऊन उभ्या होत्या. झुझानाचा एप्रन. त्यांनी तो उलट्या बाजूनं घडी केला होता, भरतकाम आत. कडेची लेस चुरगळत होती. बाबकानं तो कधी तसा ठेवला नसता. एवढीशी गोष्ट. पाचवी मुलगी आली आणि गेली. सहावी आली. सुचेताला वाटलं आपण उठणार नाही. आपण पन्नाशी ओलांडलेली समंजस बाई आहोत, मुलीनं विनंती केलीय, तिचा दिवस आहे, व्हिडिओ घ्यायचाय. आयुष्यभर अशाच समंजसपणावर आपलं घर उभं राहिलं. अतुलला दुखू नये म्हणून त्याच्यापुढे झुझानाचं नाव घ्यायचं नाही. तनूला दुखू नये म्हणून स्वतःचं घ्यायचं नाही. बाबकाला, शाळेला, मिरजेच्या नातेवाइकांना. मावशी विचारायची, तुझं स्वतःचं काही नाही का गं झालं? आणि ही हसून विषय बदलायची. स्वतःचं. मग ही कोण होती, ताठ मानेची, आत्ता पडद्यामागे लाल झग्यात उभी असलेली?

"नंबर सात," निवेदक म्हणाला. "तनू."

सुचेता उठली. फोन मांडीवरून खाली पडला, तो तिनं उचलला नाही. तिसऱ्या रांगेतून बाहेर पडताना तिनं कुणाच्या तरी पायावर पाय दिला. पायऱ्यांशी पानी लुडमिला एक पाऊल वर चढल्या होत्या. सुचेतानं त्यांच्या हातावर हात ठेवला आणि स्लोव्हाकमध्ये म्हणाली, "द्या तो इकडे." बाईंनी तिच्याकडे बघितलं, भाषेनंच त्या दचकल्या असाव्यात. एप्रन सुटला. सुचेता तिन्ही पायऱ्या चढली.

स्टेजवरच्या दिव्यांची ऊब तिला कपाळावर जाणवली. तनूनं तिला येताना पाहिलं आणि तिचा चेहरा आधी कोरा झाला, मग कठीण. "आई, काय करतेयस?" ओठ न हलवता ती म्हणाली.

"श्वास सोड. हात वर घे."

तनूनं हात वर घेतले. दुसरं ती काय करणार होती? सुचेतानं एप्रन झटकला, भरतकाम वर आलं, पट्टा कमरेभोवती दोनदा फिरवला. अकॉर्डियन वाजायचा थांबला होता. निवेदक हातातल्या कार्डाकडे बघत होता. शांततेत पट्ट्याचा सुळसुळ आवाज ऐकू येत होता. आणि पहिल्या रांगेतून एक म्हातारा, काठीवर दोन्ही हात ठेवून बसलेला, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असा बोलला, "चिया ये?"

कुणाची आहे ही? त्याच्या आवाजात राग होता की निव्वळ कुतूहल, कळलं नाही. बाबकाच्या गावात रस्त्यावर भेटणारी प्रत्येक म्हातारी पोरांना हेच विचारायची, जशी मिरजेच्या बाजारात विचारायची, कुणाची गं तू? नाव कुणी विचारत नसे. नऊ वर्षांची तनू तेव्हा सुचेताच्या पाठीमागे लपायची आणि बाबका उत्तर द्यायची: झुझकिना. झुझकाची; झुझका म्हणजे लाडाची झुझाना. तेवढं पुरायचं, म्हाताऱ्या मान हलवून पुढे जायच्या आणि सुचेता रस्त्याच्या कडेच्या झाडासारखी तिथेच उभी असायची. आता म्हाताऱ्यानं पुन्हा, या वेळी 'कृपया' जोडून, विचारलं, "चिया ये, प्रोसिम?"

सुचेतानं गाठ मारली. पुढे, डावीकडे, बाबकानं शिकवली तशी. मग ती वळली आणि माईकशिवाय, लॅबमधल्या कडक आवाजात म्हणाली, "मोया." माझी. आणि मग, कारण ते अर्धंच खरं होतं, "झुझकिना अ मोया." झुझकाची आणि माझी.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. म्हाताऱ्यानं तिच्याकडे, मग झग्याच्या चुण्यांकडे बघितलं. "तो क्तो स्क्लादाल?" म्हणाला. या कुणी घातल्या? "मी," सुचेता म्हणाली. म्हाताऱ्यानं खालचा ओठ पुढे काढला आणि मान एकदा हलवली, जसा एखादा सुतार दुसऱ्याच्या कामाकडे बघून हलवेल. मग निवेदकानं घाईघाईनं गावाचं नाव वाचलं, अकॉर्डियन सुरू झाला, कुठून तरी टाळ्या आल्या, चौथ्या मुलीच्या आईकडून असाव्यात. सुचेतानं तनूचा मुका घेतला. गाल थंड होता.

तनूनं भाषण लिहिलं होतं तसंच केलं. एक शब्द बदलला नाही. तिची पहिली ओळ आली तेव्हा सुचेता मागे भिंतीशी उभी होती, आणि तिला आश्चर्य वाटलं की आता ते वाक्य टोचलं नाही. ते फक्त एका पोरीचं वाक्य होतं, तिला हवं होतं म्हणून खरं केलेलं. उच्चार स्वच्छ होते. सातव्या विभक्तीत एकदाही चूक झाली नाही. निकाल लागला तेव्हा तनूचं नाव पहिल्या तिघींत नव्हतं. पानी लुडमिलांनी सुचेताकडे दुःखानं पाहिलं, मी म्हटलं होतं ना, अशा नजरेनं. सुचेतानं नजर खाली घेतली नाही.

तनू कपडे न बदलता गाडीत येऊन बसली. रविवार कार्डिफला काढायचा असं आधीच ठरलं होतं, नाहीतर ती बहुतेक बसलीही नसती. झगा पुढच्या सीटवर मावेना. लाल चुण्या गिअरवर, दारात, सगळीकडे. गाडी मोटरवेला लागली. जूनमधलं लांबलेलं ऊन उजव्या काचेतून तिच्या हातांवर पडत होतं.

"तू विचारायला पाहिजे होतं मला," शेवटी ती म्हणाली.

"तू विचारलं होतंस मला? यादी दिलीस तेव्हा?"

"तो वेगळी गोष्ट आहे!"

"कशी?"

"कारण तू रोज आहेस!" तनू ओरडली. तिचा आवाज फाटला. "तू रोज असतेस, आई. फोनवर, घरी, सगळीकडे. एव्हरीवन नोज तू माझी आई आहेस. तिचं कुणाला काय माहितीय? मला तिचा चेहरा पण फोटोमधलाच आठवतो. मला एक दिवस फक्त तिची व्हायचं होतं. वन डे. आणि तू तिथे पण आलीस."

हे सुचेताला सुचलं नव्हतं. यादी, स्टिकर, रंग, लोक काय म्हणतील, या सगळ्याचा तिनं हिशेब केला होता, आणि हे, जे इतकं साधं होतं, ते राहिलं. एक दिवस. तो दिवस तिनं तिसऱ्या रांगेतून उठून, कुणाच्या तरी पायावर पाय देऊन, घेऊन टाकला. माफी मागायला तिनं तोंड उघडलं. समोर एका लॉरीवर मेंढ्या चालल्या होत्या, फटींतून त्यांचे कान दिसत होते. बराच वेळ ती त्या कानांकडे बघत गाडी चालवत राहिली, आणि तिला कळलं की माफी तिच्याजवळ नाही. दुःख होतं, ते मुलीएवढंच मोठं होतं. पण त्या पायऱ्या पुन्हा समोर आल्या तर ती पुन्हा चढणार होती.

"तुझा दिवस गेला, ते मला कळतंय," ती म्हणाली. "वाईट वाटतंय. पण मी परत तेच करीन, तनू. मला आता मागे उभं राहता येणार नाही. तिच्या मागे नाही, कुणाच्याच नाही."

तनू काचेकडे तोंड करून रडली, नाक पुसायला बाहीचं भरतकाम वापरणार होती तेवढ्यात सुचेता "बाही नको!" म्हणाली, आणि तनूनं मुकाट्यानं ग्लोव्ह बॉक्समधला टिश्यू काढला.

स्टॅफर्डच्या पुढे मोटरवेच्या कडेच्या थांब्यावर, सर्व्हिसेसला, त्या थांबल्या. तनूला बाथरूमला जायचं होतं आणि तो झगा घेऊन एकटीनं जाणं शक्यच नव्हतं; सुचेता अपंगांसाठीच्या मोठ्या टॉयलेटमध्ये तिच्यासोबत गेली, चुण्या दोन्ही हातांनी उचलून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. दोघींपैकी कुणीही हसलं नाही, पण तनूनं "थँक्स" म्हटलं. मग कॉफीच्या रांगेत सगळे बघायला लागले. फुटबॉलचे शर्ट घातलेली माणसं, झोपाळलेली मुलं, आणि मध्ये लाल घेर, काळी बंडी, काजळ गालांवर उतरलेली तनू. गल्ल्यावरची बाई मोठी, गुलाबी, बोलकी होती. "काय सुंदर ड्रेस गं, राणी! कुठला हा?"

सुचेतानं उत्तराला तोंड उघडलं आणि मिटलं. हे तनूचं होतं.

"स्लोव्हाकियाचा," तनू इंग्रजीत म्हणाली. ती थोडी थांबली. सुचेताकडे तिनं बघितलं नाही. "माझ्या आयांचा."

"दोन आया?" बाईचा चेहरा उजळला. "अगं, माझ्या भावाच्या मुलीच्या घरीही तसंच! दोघींनी लग्न केलंय, काय गोड आहेत. आणि तुमचं लग्न कधी झालं?" हे शेवटचं तिनं मान उंच करून थेट सुचेताला विचारलं.

सुचेताच्या मानेपासून कानापर्यंत रक्त चढलं. मिरज, मावशी, अतुल, सगळे एकदम रांगेत येऊन उभे राहिल्यासारखे वाटले. तनूचे खांदे हलायला लागले होते. दिवसभरात पहिल्यांदा ती सरळ सुचेताकडे बघत होती, सुजलेल्या डोळ्यांनी, ओठ दाताखाली दाबून, आता ही काय म्हणते बघू अशी.

"सोळा वर्षं झाली," सुचेता म्हणाली, आणि दोन कॉफी सांगितल्या.